रजेतले श्रमदान : परक्या रानात आणि घरच्या रानात

गेल्या पावसाळ्यात रायपूरच्या आमच्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर नसलेला एक विषय निघाला. क्वार्टरांची गळती, रिक्त जागा, रात्रपाळीचा भत्ता हे नेहमीचे विषय संपले होते, चहा आला होता. एका साथीने खिशातून घडी केलेले रंगीत पत्रक काढून टेबलावर ठेवले. हा आमचा साथी वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात तीसएक वर्षे काढून आता निवृत्तीला आलेला. पत्रकावर आफ्रिकेतल्या सिंहाच्या छाव्याला बाटलीने दूध पाजणारी हसरी मुलगी होती. खाली मजकूर असा की, पंधरा दिवस परदेश पाहा आणि पंधरा दिवस वन्यप्राण्यांची सेवा करा. आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होता आणि तो त्याच्या निवृत्तीच्या रकमेचा चांगलाच लचका तोडणारा होता. साथीने एवढेच विचारले, "जाऊ का?"

मग जे व्हायचे ते झाले. एक गँगमन हसून म्हणाला, "वर्षभर घण मारायचा आणि सुटीत पैसे भरून फावडे मारायचे?" दुसरा गंभीर झाला. "फुकट राबणारा माणूस म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय," असे त्याचे म्हणणे. आर.एम.एस.मधल्या साथीने मात्र बाजू घेतली. "अरे, जन्मभर आपण दुसऱ्यांची परदेशची पाकिटे वेगळी केली. एकदा त्या तिकिटांवरचा देश त्याला पाहू द्या." आणि कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "याने आयुष्यभर वाघिणी दुरुस्त केल्या, आता खरी वाघीण वाचवू दे!" हशा झाला आणि बैठक संपली. प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले.

ते उत्तर आम्ही येथे देत आहोत. कारण प्रश्न त्या एकट्या साथीचा नाही. परदेश प्रवास आणि निसर्ग संरक्षणाचे श्रमदान यांची सांगड घालणाऱ्या योजना आता आपल्या घरांपर्यंत येऊन पोचल्या आहेत. आपली मुले त्यांविषयी बोलतात, निवृत्त होणाऱ्यांना त्यांचे आमंत्रण येते. अशा वेळी कामगार संघटनेने "हे श्रीमंतांचे चोचले" म्हणून हात झटकावेत, हे आम्हांला पटत नाही.

हौस हा काही गुन्हा नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कामगाराला जग पाहावेसे वाटणे यात हसण्यासारखे काही नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील जुन्या मराठी घरांचे वाडवडील भोसल्यांच्या अमलात किंवा त्यानंतर नोकरीनिमित्त या मुलखात आले. पुढे नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि रुळांबरोबर आणखी माणसे आली. प्रवास आपल्या रक्तात आहे, पण तो नेहमी बदलीच्या हुकमाने झाला. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या रजेत, स्वतःला आवडलेल्या कामासाठी दूर जाणे ही चैन आपल्या बापजाद्यांना परवडली नाही. ती आपल्यापैकी कोणाला परवडत असेल, तर त्यात आनंदच आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी करताना कामगार चळवळीने त्या स्वतःच्या वेळेत काय करावे याची यादी दिली नव्हती.

तेव्हा साथीची हौस आम्हांला मान्य आहे. ती हौस कोणाच्या कामी येते आणि तिची किंमत कोण मोजतो, एवढेच आम्हांला तपासायचे आहे.

स्वयंसेवकाचे दोन चेहरे

"स्वयंसेवक" हा शब्द ऐकला की रेल्वे कामगाराचे कान टवकारतात, आणि त्याला कारण आहे. मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये खाण कामगारांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप झाला. नऊ दिवसांच्या त्या संपात विद्यापीठांतील तरुण आणि खुशालचेंडू मंडळी "स्वयंसेवक" म्हणून पुढे आली आणि इंजिनांवर चढली. लहानपणापासून इंजिन चालवण्याची हौस होती, ती त्यांनी संप फोडून भागवली. आपल्याकडे ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात गाड्या चालू ठेवण्यासाठी टेरिटोरियल आर्मीला आणले गेले. संपकऱ्यांची कुटुंबे क्वार्टरांतून बाहेर काढली जात असताना आपल्या जागेवर दुसरा माणूस उभा पाहणे काय असते, ते त्या पिढीला विचारावे. म्हणून फुकटच्या हातांविषयी ज्या साथीने बैठकीत शंका काढली, त्याची शंका इतिहासाला धरून आहे.

पण याच शब्दाला दुसराही चेहरा आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस इंजिनियरने फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात वेगवेगळ्या देशांच्या लोकांचे श्रमशिबिर भरवले. काल जे एकमेकांवर गोळ्या झाडत होते, त्या देशांचे लोक एकत्र घरे उभारू लागले. यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था वाढली. १९३४ मध्ये बिहारला भूकंपाने जमीनदोस्त केले, तेव्हा हाच सेरेसोल मोजके सोबती घेऊन बोटीने हिंदुस्थानात आला आणि पुनर्वसनाच्या गावांसाठी राबला. पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याजवळ आनंदवनात आले. ज्या कुष्ठरुग्णांच्या सावलीला गावकरी उभे राहत नव्हते, त्यांच्या शेजारी उभे राहून त्यांनी विटा रचल्या. बाबा आमट्यांनी १९६७ साली मूलजवळच्या सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिच्यामागेही सोबत राबण्याचा हाच विचार होता.

म्हणजे परदेशी जाऊन श्रमदान करणे ही कल्पना काही अलीकडच्या ट्रॅव्हल कंपन्यांनी शोधलेली नाही. ती मुळात श्रमाची आणि भाईचाऱ्याची कल्पना आहे. नंतर तिचा बाजार झाला.

निसर्ग संरक्षणाचे कामही असेच सुरू झाले. १९५९ साली इंग्लंडमध्ये बॉक्स हिल नावाच्या टेकडीवर काही तरुण हत्यारे घेऊन गेले आणि तिथले गवताळ रान गिळणारी झुडपे त्यांनी तोडली. त्यातून निसर्गरक्षक स्वयंसेवकांची देशव्यापी संस्था उभी राहिली. १९७१ मध्ये अमेरिकेत अर्थवॉच सुरू झाली. शास्त्रज्ञाच्या संशोधनाला सामान्य माणसाने रजेत हातभार लावायचा आणि खर्चाचा वाटाही उचलायचा, अशी तिची रीत. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या अंड्यांची राखण करायला देशोदेशीचे लोक रात्री वाळू तुडवतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने हेच काम होत आले आहे, आणि त्यातून गावातल्या घरांना पाहुण्यांचे चार पैसेही मिळू लागले.

रेल्वेवाल्यांसाठी तर आणखी जवळचे उदाहरण आहे. वेल्समध्ये स्लेटचा दगड वाहणारी टॅलिलिन नावाची नॅरोगेज लाइन १९५० मध्ये बंद पडायच्या बेतात होती. हौशी लोकांनी संस्था काढली आणि १९५१ पासून स्वतः गाड्या चालवल्या. स्वयंसेवकांनी वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे. १९२६ मध्येही हौशी हात इंजिनावर होते आणि १९५१ मध्येही होते. पण पहिल्या वेळी त्यांनी कामगाराची भाकरी पळवली आणि दुसऱ्या वेळी बंद पडणारी गाडी जिवंत ठेवली. आमचा सारा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे.

छाव्याच्या बाटलीमागे काय आहे?

आता साथीच्या पत्रकाकडे येऊ. सिंहाचा छावा आणि दुधाची बाटली. हे चित्र पाहून कोणाचेही मन विरघळेल. पण दक्षिण आफ्रिकेतील या धंद्यावर २०१५ मध्ये "ब्लड लायन्स" हा माहितीपट आला आणि त्याने पडदा दूर केला. तिथे सिंहांची पैदास करणारे फार्म आहेत. छावे अनाथ नसतातच, त्यांना जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडले जाते. मग परदेशी स्वयंसेवक पैसे भरून त्यांना वाढवतात आणि आपण पुण्य केले असे समजून घरी जातात. माणसाला सरावलेला तो सिंह जंगलात कधी जाऊ शकत नाही. मोठा झाला की कुंपणात सोडून त्याची शिकार करू दिली जाते, तीही मोठ्या रकमेला. म्हणजे स्वयंसेवकही पैसे देतो, शिकारीही देतो आणि मालक दोन्हीकडून घेतो.

सगळ्याच योजना अशा असतात असे आम्ही म्हणत नाही. पण जिथे जंगली प्राणी हातात देण्याचे आमिष आहे तिथे संरक्षण नाही, हे खूणगाठ बांधून ठेवावे. आणि भरलेल्या रकमेतला किती भाग रानात जातो व किती एजंटाच्या कचेरीत राहतो, हे लेखी विचारावे. भविष्य निर्वाह निधीच्या पावतीतला एक रुपया इकडचा तिकडे झाला तर आपण अर्ज करतो. इथेही तोच हिशेबीपणा हवा.

आपल्या दारातले रान

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. परक्या देशाचे रान वाचवायला निघण्यापूर्वी आपण आपल्या रानाचे काय देणे लागतो, ते पाहू.

आपण देणेकरी आहोत. रायपूरहून धमतरीकडे १९०० च्या सुमारास जी छोटी लाइन गेली, तिने या भागातल्या जंगलांतले सालाचे लाकूड वाहिले. काँक्रीटचे स्लीपर येईपर्यंत या देशाची रेल्वे साल, साग आणि देवदारावर निजली होती. प्रत्येक मैलाच्या रुळांखाली एक छोटे रान होते. ती धमतरीची छोटी गाडी आता राहिली नाही. मार्च २०२५ मध्ये रायपूर-अभनपूर मार्गावर ब्रॉडगेजची मेमू सुरू झाली. गाडी बदलली, देणे तसेच आहे.

ते देणे फेडायची जागा लांब नाही. २०१२ पर्यंत रायपूर जिल्ह्यातच असलेल्या आजच्या गरियाबंद जिल्ह्यात उदंतीचे रान आहे. छत्तीसगडचा राज्यप्राणी असलेली रानम्हैस तिथे राहते, किंवा राहत होती म्हणावे. वन खात्याने एका बिगर सरकारी संस्थेसोबत काम हाती घेतले त्या काळात उदंतीत मोजून सातेक जनावरे उरली होती आणि त्यांत मादी एकच. तिचे नावच मुळी "आशा" ठेवले होते. पुढे २०२० आणि २०२३ मध्ये आसामच्या मानसमधून काही रानम्हशी बारनवापारा अभयारण्यात आणल्या गेल्या. त्या आणाव्यात की नाही यावर जाणत्यांत मतभेद झाले, वाद न्यायालयातही गेला. पण राज्यप्राणी एका मादीवर येऊन ठेपतो, ही गोष्ट आपण रायपूरकरांनी गाडीतल्या गप्पांइतकीही मनावर घेतली नाही.

महाराष्ट्रातल्या साथींनाही हे लागू आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात गोंदिया-बल्लारशा मार्गावर गाडीखाली येऊन वाघाचे तीन बछडे मेले. लोको पायलटला दोष देणे सोपे आहे. पण वळणावरून येणाऱ्या गाडीचा ब्रेक म्हणजे सायकलचा ब्रेक नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या माणसाच्या डोळ्यांपुढून ते दृश्य जात नाही, हेही आपल्यालाच ठाऊक आहे. जनावर कुठे रूळ ओलांडते, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, हे कागदावर नसले तरी की-मनच्या आणि लोको पायलटच्या डोक्यात असते. हत्ती कोणत्या पाड्याकडे वळले ते ग्रामीण डाक सेवकाला आधी कळते. पूर्वी डाकेचा हरकारा काठीला घुंगरू बांधून जंगलातून पळायचा. जंगलाची बातमी आपल्याकडे तेव्हापासून आहे. आपण ती कोणाला दिली नाही, आणि कोणी आपल्याला विचारलीही नाही.

आमच्या चार कसोट्या

या सगळ्यावरून आम्ही चार कसोट्या मांडतो. परदेशी जायचे असो वा बारनवापाऱ्याला, कसोट्या त्याच.

पहिली, ज्या कामाचा पगार कोणाला मिळत होता किंवा मिळायला हवा, ते काम फुकट करायचे नाही. वणवा राखणारा रोजंदारी वनमजूर आपला भाऊ आहे. त्याच्या हातातले काम हौसेने काढून घेणे म्हणजे १९२६ ची पुनरावृत्ती. हा नियम आपल्या घरीही लावावा. जंगलातल्या वळणांवरची झुडपे तोडणे हे ट्रॅकवरच्या कामगारांचे काम आहे. त्यासाठी माणसे भरा अशी मागणी करायची, श्रमदान नाही.

दुसरी, तिथले लोक त्या कामाचे मालक असावेत. वेळासला गावकरी पुढे आहेत म्हणून ते काम टिकले. जिथे गावकरी फक्त सामान उचलायला आणि स्वयंसेवक फोटो काढायला, तिथे जाऊ नये.

तिसरी, आपल्या हाताला जे येते ते द्यावे. पंधरा दिवसांत कोणी प्राणितज्ज्ञ होत नाही. पण फिटर, वेल्डर, सिग्नलवाला, हिशेब चोख ठेवणारा डाक कर्मचारी यांच्या कसबाला कुठल्याही देशात मोल आहे.

चौथी, कागदपत्रे चोख असावीत. आपण सरकारी नोकर. परदेशी जाण्याची परवानगी रजेसोबत आधी घ्यावी लागते. पास आणि एल.टी.सी. देशाबाहेर चालत नाहीत, सगळा खर्च खिशातला. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर श्रमदानसुद्धा "काम" धरले जाते. ब्रिटनमध्ये पाहुण्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतच ते करता येते. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकण्याची पाळी येते. विमा काढल्याशिवाय पाऊल उचलू नये.

संघटनेने काय करावे?

आता जबाबदारी आमच्याकडे, म्हणजे संघटनेकडे येते. कर्मचाऱ्याची रजा कागदावर ३०० दिवसांपर्यंत साठते, पण मागायला गेले की बदली माणूस नसतो. ग्रामीण डाक सेवकाला तर खात्याच्या कर्मचाऱ्याइतकी रजाही नाही. तेव्हा रिक्त जागांचा आपला जुना लढा या विषयापासून वेगळा नाही. हक्काची रजा हातात पडल्याशिवाय स्वेच्छेचे श्रमदान हा शब्द पोकळ आहे.

दुसरे, जंगलातून जाणाऱ्या मार्गांवर प्रत्येक शाखेने एक साधी वही ठेवावी. जनावर दिसले की जागा, किलोमीटर, वेळ आणि तारीख तीत लिहावी. महिन्याच्या शेवटी तिची प्रत वन खात्याला आणि रेल्वे प्रशासनाला द्यावी. यासाठी कोणाला पगार मिळत नाही, म्हणून कोणाची भाकरी जात नाही. गाड्यांतून फेकलेल्या अन्नाकडे जनावरे रुळांवर येतात, त्याविरुद्ध प्रवाशांत प्रचार करायला तर एक रविवार पुरे.

तिसरे, वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १८९६ पासून उभा आहे, डाक कामगारांचीही जागतिक संघटना आहे. आपले पुढारी परिषदांना जातात, ठराव घेऊन येतात. त्या ओळखींतून साध्या कामगारांची अदलाबदल का होऊ नये? तिकडच्या रेल्वे युनियनचा माणूस आपल्याकडे बारनवापाऱ्याला यावा, आपल्या घरी जेवावा. आपला माणूस तिकडे त्यांच्या घरी राहून त्यांच्या रानात किंवा जुन्या रेल्वेवर राबावा. सेरेसोलने एजंटाशिवाय केले, ते आपण संघटनेच्या बळावर करू शकतो. हा ठराव फेडरेशनपुढे आणण्याचा आमचा विचार आहे.

आणि साथी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. छाव्याला दूध पाजायला जाऊ नका, ते पत्रक फाडून टाका. पण जायचेच असेल तर जरूर जा. तीस वर्षे वाघिणींची चाके आणि बफर दुरुस्त केलेल्या हातांना एखाद्या स्वयंसेवी नॅरोगेज रेल्वेच्या कारखान्यात नक्की काम असेल. आधी त्यांना पत्र टाका, आपला डाक खात्याचा साथी ते रवाना करील. आणि जाण्यापूर्वी एक रविवार आमच्याबरोबर महासमुंदच्या गाडीने बारनवापाऱ्याकडे चला. तिकडे कोणी विचारले की तुमच्या गावाजवळ कोणते रान आहे, तर सांगायला काही असावे.

इतर शाखांनी या विषयावर चर्चा करून आपले मत कळवावे. विरोधी मत असेल तर ते अगत्याने कळवावे.